डाव्या कानाची खाच

माझ्या निवृत्तीला अकरा महिने उरले होते, आणि तेवढे दिवस मला कुणी कुत्रं दाखवू नये एवढीच माझी इच्छा होती. फायली दाखवा, तक्रारी दाखवा, नगरसेवकाचा मेहुणा दाखवा, सगळं चालेल. कुत्री मी पुरेशी पाहिली होती. सव्वीस वर्षं आमच्या नगरपरिषदेच्या निर्बीजीकरण केंद्रात सकाळी आठ ते दुपारी दोन मी एकच काम केलं. मादीची गर्भपिशवी काढायची, नराच्या गोळ्या काढायच्या, टाके घालायचे आणि पुढचं जनावर टेबलावर घ्यायचं. त्या कामानं माझा उजवा अंगठा कायमचा सुजला. मग बंदसुई आली, केंद्राला कुलूप लागलं, आणि मला, डॉक्टर हेमलता मगदूम यांना, वरच्या मजल्यावर टेबल-खुर्ची मिळाली. सही करण्यापुरता अंगठा अजून चालतो.

त्या बुधवारी दुपारी मी डबा उघडला होता, तेवढ्यात दारात इलाहीभाई उभे राहिले.

इलाही मुल्ला म्हणजे केंद्रातले माझे जुने सोबती. कुत्री जाळ्यात धरायची, भूल देताना सांभाळायची, शुद्धीवर येईपर्यंत जवळ बसायचं, हे सगळं त्यांचं खातं. बावीस वर्षांत त्यांना एकही कुत्रं चावलं नाही. मला सात वेळा चावलं. केंद्र बंद झालं तेव्हा त्यांनाही घरी पाठवलं गेलं. बायको गेल्यापासून घरात ते आणि त्यांची कुत्री, एवढंच बिऱ्हाड होतं. कुत्रीचं शेपूट चांगलं दीड वेढ्यांचं, म्हणून नाव जिलबी.

"मॅडम, खाली येताय का जरा? जिलबीला आणलीया."

"काय झालं?"

"तीन दीस झालं, भाकरीला तोंड लावंना. पाणी मातुर बादलीनं पितीया. पितीया आन् वकून टाकतीया."

"दवाखान्यात दाखवलंत?"

"दाखवलं की. ते नवं डाक्टर हायत न्हवं, सौमित्र सायब, ते म्हणालं किडनी गेलीया. दोन सलाईन लावल्या. काय फरक न्हाई."

मी डब्याचं झाकण लावलं. खरं सांगायचं तर मला रागच आला. सौमित्र भोकरे हुशार पोरगा आहे, त्यानं रक्त तपासलं असणार, मग आता मी काय वेगळं सांगणार? पण इलाहीभाईंना नाही म्हणायची माझ्यात ताकद नव्हती, म्हणून खाली गेले.

शेजाऱ्याच्या केळ्यांच्या हातगाड्यावर चादर अंथरून जिलबीला निजवलं होतं. मला पाहून तिनं शेपटी हलवायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. हिरड्या पांढुरक्या, नाडी जलद, अंग तापलेलं. माझा हात सवयीनं तिच्या डाव्या कानाकडे गेला. कानाच्या टोकाला त्रिकोणी खाच होती.

ही खाच म्हणजे आमच्या धंद्यातला शिक्का. ज्या जनावराचं निर्बीजीकरण झालं त्याचा डावा कान भुलीतच थोडा कापायचा, म्हणजे रस्त्यात लांबून पाहिलं तरी कळतं, पुन्हा धरावं लागत नाही. माझ्या बोटांना ती खाच लागली की डोक्यात एकच गोष्ट उमटते: हिला पिशवी नाही. पिशवी नाही म्हणजे पिशवीचं दुखणं नाही. मग उरतं काय, तर मूत्रपिंड.

"सौमित्रचं बरोबर आहे, इलाहीभाई," मी म्हणाले. "किडनीच आहे. मी दोन औषधं लिहून देते, पण आता वय झालं तिचं."

"सात वर्साची हाय मॅडम."

"कुत्र्यांना तेही पुष्कळ होतं."

त्यांनी चिठ्ठी घेतली, घडी करून खिशात ठेवली. मी वळले. डबा गार होत होता. तेवढ्यात त्यांनी जिलबीला पुढच्या पायांखाली हात घालून हळूच उचललं आणि तिची उजवी कूस माझ्याकडे केली. कापाच्या जागेचे केस काढण्याआधी ते प्रत्येक कुत्रीला अस्संच धरायचे.

"मॅडम, टाका कुठाय ओ हिचा? मला गावंना. डोळं गेल्यात माझं. तुमी बघा की."

माझा काप नेहमी उजव्या कुशीत असायचा. शेवटच्या बरगडीमागं दोन बोटं, लांबीला दोन बोटं. कितीही वर्षं गेली तरी तिथले केस जरा आडवे उगवतात. मी चष्मा पुसला, केस विंचरल्यासारखे बाजूला केले. मग पोटाची मधली रेषा पाहिली. कातडी कोरी होती, कधी सुरी लागलीच नव्हती.

"ही सापडली कुठं तुम्हाला?"

"भाजी मंडईत. केंद्र बंद झाल्यावर वर्सानं. कान कापलेलाच हुता की."

म्हणजे ही खाच सुरीची नव्हती, बंदसुईची होती.

बंदसुई म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण अजून लोकांना वाटतं ते गुंगीचं औषध आहे. ही सुई मांडीत देतात. तिच्यात एक निरुपद्रवी केलेला विषाणू असतो, तो मांडीच्या स्नायूंना एक कृती शिकवतो. मग ते स्नायू आयुष्यभर एक प्रतिपिंड बनवत राहतात. तो रक्तातून बीजांडाकडे जातो आणि बीजाच्या कवचावर चिकटून बसतो, त्यामुळे नराच्या बीजाला आत शिरताच येत नाही. भूल नको, काप नको, पाच दिवस पिंजऱ्यात ठेवायला नको. मी दिवसाला अठरा जनावरं करायचे आणि संध्याकाळी जिना चढताना रडायला यायचं. सुईवाले दोघंजण दिवसाला दोनशे करायचे आणि वर क्रिकेट खेळायचे.

सुई वाईट होती असं मी म्हणणार नाही. तीन वर्षांत नदीकाठची गोणपाटं थांबली. गोणपाटात काय असायचं ते ज्यांनी उघडून पाहिलंय त्यांनाच माहीत. मी उघडलीत. त्यासाठी कुणी कसलीही सुई आणली असती तरी मी पेढे वाटले असते.

पण सुई फक्त पिल्लांचं दार लावते. घर तसंच राहतं. बीजांडं शाबूत, त्यांचे संप्रेरक शाबूत, म्हणून मादी वर्षातून दोनदा माजावर येतेच. भाद्रपदात गल्लीतून तीच वरात, तीच भांडणं, तेच चावे. लोक फोन करून विचारायचे, "मॅडम, सुई दिलीय ना, मग ही मिरवणूक कसली?" आणि दर माजानंतर पिशवी पाहुणे येणार म्हणून गाद्या घालते. पाहुणे येत नाहीत. पुढच्या वेळी गाद्या आणखी जाड. असं दहा-बारा वेळा झालं की त्या गाद्यांत जंतू घर करतात आणि पिशवी पुवानं भरते. तिचं तोंड उघडं असेल तर पू बाहेर येतो, दिसतो. तोंड बंद असेल तर ते विष रक्तात उतरतं, कुत्री पाणी पीत सुटते, मूत्रपिंडं दमतात, आणि रक्ताच्या तपासणीत दिसतात ती मूत्रपिंडंच.

सुरीनं पिशवी आणि बीजांडं दोन्ही काढली की हे दुखणं व्हायला जागाच उरत नाही. पहिल्या माजाआधी केलं तर स्तनांच्या गाठीही जवळजवळ होत नाहीत. नरही भटकायचा कमी होतो, गाडीखाली कमी येतो. कुत्र्या-मांजरांच्या मालकांना मी हे सव्वीस वर्षं ओरडून सांगितलं. ते म्हणायचे, "कळतंय हो, पण एक वेत तरी होऊ द्या बिचारीचं." सुई आल्यावर तेवढंही कुणी म्हणेना. पिल्लं नकोत ना, मग झालं. बाकीचे फायदे सगळे विसरले.

मी विसरले नव्हते. तेच तर दुखणं आहे.

सुई सुरू व्हायच्या आधी बैठक झाली होती. विषय: खूण कोणती करायची. कंपनीच्या माहितीपत्रकात सातव्या पानावर स्वच्छ लिहिलं होतं की गर्भाशयाचे आजार पूर्वीसारखेच संभवतात. मी वाचलं होतं. पण सर्वेक्षणाचा कॅमेरा फक्त डावा कान मोजायचा आणि तक्त्यात एकच रकाना होता: निर्बीज, होय की नाही. दुसरी खूण ठेवायची तर सगळं नव्यानं करावं लागणार होतं. त्या दिवशी मी सहा तास उभी राहून आले होते. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, "एकच खाच ठेवा. सोपं राहू द्या." आणि खाली सही केली.

बाहेर आले तर इलाहीभाई चहा घेऊन उभे. आम्ही रोज काम संपलं की एकत्र चहा प्यायचो. ते म्हणाले, "मॅडम, सुईवाल्यास्नी उजवा कान द्या की. पिशवी आतच ऱ्हाणार न्हवं? फुडं कळायला बरं."

मी म्हणाले होते, "इलाहीभाई, दोन दोन कान कोण मोजत बसणार?" आणि चहा न पिताच घरी गेले.

हातात मावणारी सोनोग्राफी माझ्या कपाटात धूळ खात होती. मंगळवारी सौमित्रनंही अशीच लावली होती, पण खाच पाहून फक्त मूत्रपिंडांवर. मी ती जिलबीच्या ओटीपोटावर ठेवली. पडद्यावर पिशवीच्या काळ्या, फुगलेल्या नळ्या, मनगटाएवढ्या. मी सौमित्रला फोन केला. तो दहा मिनिटांत आला, पडद्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहराच उतरला.

"मॅडम, पण कान..."

"कान माझा आहे," मी म्हणाले. "मी ठरवलेला. सुरी कोणती लागेल ते बघ."

"मी पिशवी कधी काढलेली नाही. कॉलेजात पडद्यावर केलीय. आमच्या वर्षापासून प्रात्यक्षिकच बंद केलं, आता गरज नाही म्हणून."

"माझा अंगठा गाठ मारू शकत नाही. म्हणजे तू करणार आणि मी बोलणार."

जुनी शस्त्रक्रियेची खोली उघडली. टेबल दिसेना. त्यावर पुढच्या सोमवारच्या समारंभाचे फलक रचले होते: ‘शून्य पिल्लांचं शहर’. मुख्याधिकाऱ्यांची कल्पना. शाल-श्रीफळ मला मिळणार होतं. तिघांनी मिळून ते फलक बाहेर व्हरांड्यात नेऊन ठेवले, टेबल दोनदा धुतलं, दिवा लागतो का पाहिला. एक बल्ब लागला.

सुरुवात करण्याआधी मी इलाहीभाईंना बाजूला घेतलं. मला ते सांगायचंच होतं.

"ही टेबलावरच दगावू शकते. पिशवी फुटली तर आम्ही काही करू शकणार नाही. आणि इलाहीभाई, ही चूक सौमित्रची नाही. माझी आहे. तुम्ही तेव्हा सांगितलं होतं."

"म्हाईत हाय मला."

"मग इतकी वर्षं बोलला नाहीत?"

"काय बोलायचं? तुमी त्या दिवशी च्या न्हाई घेतला. मी समजलो, बाई दमलीया." त्यांनी बाह्या वर केल्या. "चला. मी धरतो."

पुढचा दीड तास मी आयुष्यात सगळ्यात जास्त बोलले. सौमित्रचे हात चांगले होते, पण घाबरलेले. पडद्यावर ऊतक ओलं नसतं, निसटत नाही. बीजांडाला धरून ठेवणारा बंध सुरीनं नाही तोडायचा, बोटानं ताणत ताणत सोडवायचा, आणि तो कधी सुटेल ते बोटालाच कळतं. ते मी शब्दांत सांगू शकले नाही. शेवटी माझं बोट त्याच्या बोटावर ठेवलं आणि दोघांनी मिळून ताणलं. तो सुटला तसा सौमित्र म्हणाला, "अच्छा, हे असं असतं." पिशवी बाहेर आली. कातडी तटतटलेली, निळसर, दोन्ही हातांत मावेना. ती फुटली नाही. त्यानं गाठी मारल्या, दुहेरी, आणि मी प्रत्येक गाठ ओढून पाहिली.

इलाहीभाई पूर्ण वेळ जिलबीचं डोकं धरून उभे होते. शेवटचा टाका पडल्यावर त्यांनी तिचा उजवा कान बोटांत घडी करून माझ्यापुढं धरला.

"आता ह्या कानाला खाच मारा."

"आधी जगू दे तिला," मी म्हणाले.

दोन दिवस ती जगते की नाही तेच कळेना. ताप उतरायचा, चढायचा. इलाहीभाई तिच्याजवळ चटई टाकून बसलेले, मधेच नमाजापुरते उठायचे. मी वर टेबलाशी बसायचे, पण फाइल उघडली की अक्षरं दिसेनात. गुरुवारी दुपारी मी आरोग्य विभागाची मेलेल्या जनावरांची यादी उघडली. रस्त्यावरून उचललेल्या प्रत्येक कुत्र्याच्या कानाचा फोटो असतो तिच्यात. मी माद्या घेतल्या, पाच ते आठ वर्षांच्या, खाच असलेल्या, गेल्या दोन वर्षांतल्या. तीनशे एकोणचाळीस निघाल्या. कारणाच्या रकान्यात मूत्रपिंड नाहीतर वार्धक्य. पाच वर्षांच्या कुत्रीला कसलं वार्धक्य? दर महिन्याच्या पानाखाली माझी सही होती. एकाही महिन्याला मी पान उलटून पाहिलं नव्हतं.

सगळ्याच पिशवीच्या दुखण्यानं गेल्या असं म्हणता येणार नाही. किती गेल्या ते आता कुणालाच कळणार नाही.

सौमित्र दार लोटून आला आणि उभाच राहिला. "मॅडम, मी माझ्या दवाखान्याच्या नोंदी काढल्या. घरची कुत्री, मांजरं. दाखल्यावर निर्बीज लिहिलेली. मी अशा नऊ माद्या किडनी म्हणून घरी पाठवल्यात. दोन मांजरी धरून."

"बस," मी म्हणाले. समोरची खुर्ची पुढं ओढली.

शुक्रवारी मी अहवाल लिहिला. सुईची चूक नाही, खुणेची चूक आहे, खूण मी ठरवली, शहरात खाच असलेल्या अंदाजे सहा हजार माद्या आहेत, प्रत्येकीची कूस तपासावी, काप नसेल तिची पिशवी काढावी, काढल्यावर उजव्या कानाला खाच द्यावी, केंद्र उघडावं, घरच्या जनावरांच्या मालकांना पत्रं जावीत. खाली माझं नाव. मुख्याधिकाऱ्यांचा फोन तासाभरात आला.

"मॅडम, अहवाल उत्तम आहे. पण सोमवार होऊन जाऊ द्या ना. बाहेरून लोक येताहेत. चार दिवसांनी काय बिघडतंय?"

पूर्वीची मी असते तर हो म्हणाले असते. दमलेल्या माणसाला हो म्हणणं सगळ्यात सोपं असतं, हे मी आठ वर्षांपूर्वी शिकले होते.

"साहेब, मालकांना पत्रं मी सकाळीच पाठवलीत," मी म्हणाले. "समारंभ करा तुम्ही. शाल दुसऱ्या कुणाला द्या."

ते म्हणाले, "निवृत्ती जवळ आलीय तुमची. हे कशाला ओढवून घेतलंत?" त्यांच्या आवाजात राग कमी आणि काळजी जास्त होती, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला. नंतर चौकशीची नोटीसही आली. येऊ दे म्हटलं.

शनिवारी सकाळी मी खाली गेले तर इलाहीभाई भाकरीचा तुकडा दुधात भिजवत होते. जिलबीनं तो हुंगला, तोंड फिरवलं, परत हुंगला आणि खाल्ला. इलाहीभाईंनी दुसरा तुकडा भिजवला. मी पायरीवर बसले आणि मला रडू आलं. अंगठा दुखतोय असं मी मागून आलेल्या सौमित्रला सांगितलं, त्यालाही ते खरं वाटलं नसावं.

केंद्र उघडायची परवानगी मात्र लगेच मिळाली. पत्रं वाचून लोक घरच्या कुत्र्या-मांजरी घेऊन दारात बसायला लागले होते, त्यांना हाकलणार कोण? सौमित्रनं आजूबाजूच्या तालुक्यांतून तीन तरुण डॉक्टर गोळा केले. तिघांनीही पिशवी फक्त पडद्यावर काढलेली. मी त्यांना म्हटलं, माझ्याकडे अकरा महिने आहेत, त्यात तुमची बोटं तयार झाली पाहिजेत. सदुसष्टाव्या वर्षी इलाहीभाईंनी माळ्यावरून जुनं जाळं काढलं, धुतलं, उन्हात वाळवलं.

दहाव्या दिवशी जिलबीचे टाके काढले. तिच्या अंगावर पुन्हा चरबी धरायला लागली होती, शेपटीचे दीड वेढे परत आले होते. मी उजव्या कानाच्या टोकाला बधिर करणारं इंजेक्शन दिलं. इलाहीभाईंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि कान माझ्यापुढं धरला.

"धरलाय, मॅडम."

मी कात्री डाव्या हातात घेतली. दोन मिनिटांचं काम. आठ वर्षांपूर्वीही दोन मिनिटांचंच होतं.

जिलबीनं कान झटकला, रक्ताचा थेंब माझ्या चष्म्यावर उडाला आणि ती इलाहीभाईंची बोटं चाटत बसली. त्यांनी कापूस दाबून धरला. बाहेर पिंजऱ्यांत मंडईतल्या पहिल्या चौदा माद्या भुंकत होत्या, सगळ्यांचे डावे कान कापलेले.

चहावाला किटली घेऊन आला. इलाहीभाईंनी दोन पेले भरले आणि एक माझ्यापुढं सरकवला.

"आदी च्या घ्या," ते म्हणाले. "मग फुडची आणतो."

मी पेला उचलला आणि चहा संपवला.